लॅपटॉपला ब्लूटूथ हेडसेट, माऊस, कीबोर्ड: ड्रायव्हर नेमका कुठला घ्यायचा?

मधली_सुट्टी

लॅपटॉपवर विंडोज ११ (२४एच२) कोरं टाकलं आहे. आता ब्लूटूथच्या तीन वस्तू जोडायच्या आहेत: माईकवाला हेडसेट, माऊस आणि कीबोर्ड.

हेडसेटवर गाणी झकास वाजतात, पण टीम्सवर मीटिंग सुरू झाली की आवाज एकदम बसतो, जुन्या लँडलाइनवर बोलल्यासारखा. मीटिंग संपली की पुन्हा ठीक. माऊस एरवी नीट चालतो, मात्र बाहेरची हार्ड डिस्क लावून फाइली कॉपी करायला घेतल्या की अडखळतो. कीबोर्ड तर जोडायच्या यादीत येतच नाही. फोनला लगेच जोडला जातो.

लॅपटॉप कंपनीच्या साइटवर माझ्या मॉडेलखाली ब्लूटूथचे दोन ड्रायव्हर आहेत, एक इंटेलचा, एक रिअलटेकचा. विंडोज अपडेटच्या ऐच्छिक यादीत तिसराच. शिवाय एक फुकटचा 'ड्रायव्हर अपडेटर' सांगतोय की तुमचे ब्लूटूथ ड्रायव्हर २००६ सालचे आहेत, ताबडतोब बदला. यातला कुठला टाकू? दोन्ही टाकले तर चालेल का?

वायरमन

आधी तो अपडेटर काढून टाका. विंडोजसोबत येणाऱ्या ड्रायव्हरांवर मायक्रोसॉफ्ट मुद्दाम २१ जून २००६ ही तारीख घालते. एकाच वस्तूला दोन ड्रायव्हर सारखेच लागू पडले तर विंडोज तारीख बघून निवड करते. स्वतःची तारीख जुनी ठेवली की चिप बनवणाऱ्याचा ड्रायव्हर आपोआप वरचढ ठरतो. आत मजकूर ताजाच असतो. अपडेटरवाले ही तारीख दाखवून घाबरवतात, बाकी काही नाही.

आता दोन ड्रायव्हरांचं. एकाच मॉडेलमध्ये कंपन्या कधी इंटेलचं कार्ड घालतात, कधी रिअलटेकचं, कधी मीडियाटेकचं. साइट सगळ्यांचे ड्रायव्हर दाखवते, तुमच्यात एकच कार्ड असतं. दोन्ही टाकण्यात अर्थ नाही. सर्व्हिस टॅग किंवा सिरीयल नंबर घालून शोधलंत तर बऱ्याच साइटवर तुमच्या कार्डाचाच ड्रायव्हर दिसतो. नाही दिसला तर स्वतः ओळखा:

विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबा, डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'ब्लूटूथ' विभागात बरीच नावं दिसतील. त्यातली एन्युमरेटर, आरएफकॉम, ट्रान्सपोर्ट असली नावं मायक्रोसॉफ्टची, त्यांना हात लावायचा नाही. ज्या नावात अडॅप्टर किंवा चिपवाल्याचं नाव आहे त्यावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, 'डिटेल्स' टॅब, वरच्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज'. तिथे व्हीआयडी या अक्षरांनंतर चार अंक-अक्षरं असतात:

८०८७ म्हणजे इंटेल
०बीडीए म्हणजे रिअलटेक
०सीएफ३ म्हणजे क्वालकॉम अथेरॉस
०ए१२ म्हणजे सीएसआर, हे बहुतेक स्वस्त यूएसबी डोंगलांत

०४८९, १३डी३ किंवा ०४सीए दिसलं तर तो कार्ड जुळवणाऱ्या कारखान्याचा आकडा आहे, चिपचा नाही. मग त्याच कार्डाच्या वायफायचं नाव 'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली बघा. लॅपटॉपात वायफाय आणि ब्लूटूथ जवळजवळ नेहमी एकाच कार्डावर असतात, त्यामुळे वायफाय रिअलटेकचं तर ब्लूटूथही रिअलटेकचं.

तिथेच 'ॲडव्हान्स्ड' टॅबवर एलएमपी आकडा असतो, त्यावरून ब्लूटूथची आवृत्ती कळते. ६ म्हणजे ब्लूटूथ ४.०, ८ म्हणजे ४.२, ९ म्हणजे ५.०, १० म्हणजे ५.१, ११ म्हणजे ५.२, १२ म्हणजे ५.३. लॅपटॉपच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो, खरा हा.

निवड अशी करा. इंटेल असेल तर लॅपटॉप कंपनीचं पॅकेज किंवा थेट इंटेलचं, दोन्ही चालतात. इंटेलचं बहुधा नवं असतं. इतर चिप असेल तर लॅपटॉप कंपनीचंच घ्या. 'सगळ्या रिअलटेकसाठी एकच' असं सांगणाऱ्या डाउनलोड साइटवरून काही उचलू नका. ड्रायव्हर दर वेळी चालू होताना चिपमध्ये फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) भरतो. चुकीच्या पॅकेजमधलं फर्मवेअर गेलं तर ब्लूटूथ दिसेल, पण जोडणी टिकणार नाही. विंडोज अपडेटमधला ऐच्छिक ड्रायव्हर चिपवाल्यानेच दिलेला असतो, सुरक्षित असतो, पण सगळं सुरळीत चालू असताना तो घेण्याची काही घाई नाही.

आणि तुमच्या तिन्ही तक्रारींपैकी एकही बहुधा ड्रायव्हरची नाही.

ठिणगी

वायरमनशी सहमत. मीटिंगमधला आवाज हा तर ब्लूटूथचाच जुना गुण आहे.

हेडसेट दोन वेगवेगळ्या पद्धतींनी चालतो. गाणी ऐकताना एटूडीपी प्रोफाइल: आवाज एकाच दिशेने, स्टिरिओ, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ, साध्या एसबीसी कोडेकवरही (कोडेक म्हणजे आवाज दाबून पाठवायची पद्धत) सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट. कुठल्याही ॲपने हेडसेटचा माईक उघडला की विंडोजला हँड्स-फ्री प्रोफाइलवर जावं लागतं. तिथे आवाज दोन्ही बाजूंनी, मोनो, आणि सगळा कारभार ६४ किलोबिटांत. हेडसेट जुना असेल तर ८ किलोहर्ट्झ, एमएसबीसी हा नंतरचा कोडेक कळत असेल तर १६. आवाज बसतो तो इथे. विंडोज १० मध्ये हे 'हेडफोन्स' आणि 'हेडसेट' असे दोन वेगळे दिसायचे; ११ मध्ये दोन्ही एका नावाखाली आणले, त्यामुळे अदलाबदल कधी झाली ते कळतच नाही.

सर्वांत सोपा उपाय: टीम्समध्ये सेटिंग्ज, डिव्हाइसेस, तिथे स्पीकर म्हणून हेडसेट ठेवा आणि मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा निवडा (नावात 'ॲरे' असतं). हेडसेट एटूडीपीवरच राहील. झूम, मीट, सगळीकडे हेच.

ॲप ऐकत नसेल तर सेटिंग्ज, सिस्टम, साउंड, इनपुटखाली हेडसेट उघडा आणि ॲप्सना तो वापरू देण्याच्या जागी 'परवानगी नको' करा. माईक मुळातच बंद झाला की प्रोफाइल बदलायचं कारण उरत नाही. जुन्या कंट्रोल पॅनेलमधून 'हँड्स-फ्री टेलिफोनी'ची खूण काढण्याचा सल्ला सगळीकडे सापडतो. तो चालतो, पण काही हेडसेटांची आवाजाची आणि कॉल उचलायची बटणं त्याबरोबर जातात. साउंड सेटिंगवाला मार्ग बरा.

हेडसेटचाच माईक हवा आणि आवाजही स्टिरिओ हवा, तर उत्तर एलई ऑडिओ, म्हणजे ब्लूटूथ लो एनर्जीवर आवाज पाठवायची नवी पद्धत. २४एच२ वर ते मिळतं, पण लॅपटॉप आणि हेडसेट दोघांनीही ते पाळायला हवं. सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, डिव्हाइसेस, खाली डिव्हाइस सेटिंग्ज, तिथे 'एलई ऑडिओ उपलब्ध असेल तेव्हा वापरा' असं बटण असेल तर तुमचा लॅपटॉप बसतो. बटणच नसेल तर नाही. एलएमपी ११ किंवा १२ दिसतो म्हणून एलई ऑडिओ मिळेलच असं नाही, ऑडिओचा ड्रायव्हरही त्यासाठी तयार असावा लागतो. ड्रायव्हर बदलून खरोखर फरक पडण्याची ही एक जागा: ब्लूटूथ आणि ऑडिओ दोन्ही पॅकेजं लॅपटॉप कंपनीकडून, एकाच वेळी ताजी करायची.

कोडेकबद्दल कुणी विचारण्याआधीच: विंडोज ११ स्वतःहून एसबीसी, एएसी आणि साधा ॲप्टएक्स पाठवतं. एलडॅक नाही. त्यासाठी पैसे मोजून घ्यायचा तिसऱ्या पक्षाचा ड्रायव्हर आहे, पण मीटिंगच्या आवाजात त्याने काडीचा फरक पडत नाही.

डबल_क्लिक

माऊसचं मी घेतो. हार्ड डिस्क यूएसबी ३ची आहे ना? मग गुन्हेगार तीच. यूएसबी ३.० च्या ५ गिगाबिट संकेताचा गोंगाट २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो. इंटेलने २०१२ मध्ये याचा सविस्तर अहवालच काढला होता. ब्लूटूथ नेमकं त्याच पट्ट्यात चालतं. डिस्क नुसती लावून ठेवली तर फारसं जाणवत नाही, कॉपी सुरू झाली की माऊस लंगडतो.

डिस्क लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा आणि अर्धा-एक मीटर केबलने लांब ठेवा. तिच्यासोबत आलेली केबल हरवून बाजारातली पातळ केबल वापरत असाल तर आधी ती बदला. जाळीचं आवरण नसलेल्या केबलमधूनच सगळ्यात जास्त गोंगाट गळतो. खात्री करायची असेल तर डिस्क यूएसबी २ पोर्टला किंवा यूएसबी २ हबमधून लावा. कॉपी रखडेल, पण माऊस सरळ धावला तर निदान पक्कं.

सोबत वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या 'ॲडव्हान्स्ड' टॅबवर पसंतीचा बँड ५ करता येतो. बऱ्याच कार्डांवर ब्लूटूथ आणि वायफाय एकच अँटेना वाटून घेतात. २.४ वर मोठं डाउनलोड चालू असलं की कार्ड दोघांना आळीपाळीने वेळ देतं, आणि माऊसची पाळी उशिरा येते.

एक महत्त्वाचं विचारायचं राहिलं. एसएसडी किंवा रॅम बसवायला, साफसफाईला लॅपटॉप कुठे उघडला होता का? कार्डावर दोन बारीक अँटेना वायरी टिचकीने बसतात, एक काळी आणि एक पांढरी किंवा करडी. त्यातली एक निसटलेली राहिली की वायफाय कसंबसं चालतं आणि ब्लूटूथ फूटभराच्या पलीकडे दम तोडतं. माऊस लॅपटॉपला खेटून ठेवल्यावर नीट चालत असेल आणि टेबलाच्या कडेला नाही, तर डिस्कला दोष देण्याआधी हे बघा.

ठिणगी

आणि कीबोर्ड: फोनला जोडला जातो म्हणताय, तर तो फोनलाच धरून बसलाय. फोनचं ब्लूटूथ बंद करा. तीन उपकरणांचा कीबोर्ड असेल तर प्रत्येक उपकरणाचा एक खण आणि त्याचं एक बटण असतं; फोनचा खण सोडून दुसरा निवडा, ते बटण तीनेक सेकंद दाबून धरा. दिवा भरभर लुकलुकला म्हणजे पेअरिंग चालू. संथ लुकलुकत असेल तर तो जुन्या जोडीदारालाच शोधतोय.

तरी दिसला नाही तर विंडोज ११ची एक मेख आहे. जोडताना ते नेहमीची उपकरणंच दाखवतं. सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, डिव्हाइसेस, खाली 'ब्लूटूथ डिव्हाइसेस डिस्कव्हरी' डीफॉल्टवरून ॲडव्हान्स्ड करा. मग यादीत शेजाऱ्यांचे टीव्हीसुद्धा येतील, पण कीबोर्डही येईल. पडद्यावर सहा आकडे आले तर ते त्या कीबोर्डवरच टाइप करून एंटर दाबायचं, लॅपटॉपच्या कळांवर नाही. यात बरेचजण अडकतात.

ज्यांचा वायरलेस कीबोर्ड कशालाच ब्लूटूथने जोडला जात नाही त्यांनी तळ बघावा. इवलासा रिसीव्हर मिळाला असेल आणि तळाशी ब्लूटूथची खूण नसेल तर तो ब्लूटूथ नाहीच, फक्त २.४ गिगाहर्ट्झचा आहे. लॉजिटेकचा युनिफाइंग रिसीव्हर तसाच. बोल्ट रिसीव्हर ब्लूटूथ लो एनर्जीवर बेतलेला असला तरी त्याला बोल्टच्याच वस्तू जोडता येतात, हेडसेट नाही. लॉजी ऑप्शन्स प्लस हा ड्रायव्हर नव्हे. बटणांची कामं बदलायची असतील तरच टाका.

मधली_सुट्टी

कीबोर्ड जोडला गेला, फोनच होता. टीम्समध्ये माईक बदलला, आवाज छान. डिस्क डावीकडे नेली, माऊसही सुधारला.

चिप रिअलटेकची निघाली, ०बीडीए. पण एक नवीनच दिसलं: लॅपटॉप झोपेतून उठवला की अधूनमधून ब्लूटूथचं बटणच गायब होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथ विभाग नाही, त्याऐवजी यूएसबीखाली 'अननोन यूएसबी डिव्हाइस', कोड ४३. रीस्टार्ट केलं तरी कधी येतं, कधी नाही. वायफाय मात्र चालू असतं.

वायरमन

आता ड्रायव्हरकडे जायला हरकत नाही. वायफाय चालू आणि ब्लूटूथ गायब यात विसंगती काही नाही. कार्ड एकच असलं तरी वायफाय पीसीआय एक्सप्रेसमधून जातं आणि ब्लूटूथ मदरबोर्डच्या आतल्या यूएसबीमधून. ते यूएसबीचं टोक गोठलं की विंडोजला 'काहीतरी आहे, पण बोलत नाही' एवढंच कळतं, तोच कोड ४३. रीस्टार्टने कार्डाचा वीजपुरवठा तुटत नाही, म्हणून गोठलेलं गोठलेलंच राहतं.

पहिल्यांदा त्याला पूर्ण निर्वीज करा. शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' निवडा, म्हणजे फास्ट स्टार्टअपचा अर्धवट बंद न होता खरा बंद होतो. चार्जर आणि सगळ्या यूएसबी वस्तू काढा. पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. चार्जर लावून चालू करा. ब्लूटूथ परत आलं तर चिप जिवंत आहे.

मग ड्रायव्हर, या क्रमाने. लॅपटॉप कंपनीचं रिअलटेक ब्लूटूथ पॅकेज आणि वायफायचं पॅकेज दोन्ही आधी उतरवून ठेवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये रिअलटेक अडॅप्टरवर उजवी क्लिक, 'अनइन्स्टॉल डिव्हाइस', आणि ड्रायव्हरही काढण्याच्या चौकटीत खूण करा. खूण केली नाही तर विंडोज तोच जुना ड्रायव्हर पुन्हा बसवतं आणि आपल्याला वाटतं नवा बसला. रीस्टार्ट होताना नेट बंद ठेवा, नाहीतर विंडोज अपडेट तुमच्या आधी धावतं. आता सेटअप चालवा. नुसती झिप मिळाली असेल तर ती सोडवा, अडॅप्टरवर 'अपडेट ड्रायव्हर', 'माझ्या संगणकावर शोधा', तो फोल्डर दाखवा, उपफोल्डरांची खूण ठेवा. पुन्हा रीस्टार्ट. यानंतर 'ड्रायव्हर' टॅबवरचा आवृत्ती क्रमांक लिहून ठेवा. महिन्याभराने विंडोज अपडेटने तो बदलला आणि त्रास सुरू झाला, तर तिथलंच 'रोल बॅक' बटण कामाला येतं.

त्याच अडॅप्टरच्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवर 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' ही खूण काढा. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअपही बंद करा.

एवढं करूनही कोड ४३ येत राहिला तर बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारं मदरबोर्डचं सॉफ्टवेअर) अपडेट बघा. झोपेतून उठताना यूएसबी जागं न होण्याचे दोष कित्येकदा तिथे दुरुस्त झालेले असतात. बायोस अपडेट चालू असताना चार्जर लावलेला हवा.

डबल_क्लिक

छोटी दुरुस्ती: मॉडर्न स्टँडबाय (फोनसारखी, पूर्ण बंद न होणारी झोप) असलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपांवर 'पॉवर मॅनेजमेंट' टॅब दिसतच नाही. तो शोधत बसू नका. झोपेऐवजी झाकण मिटल्यावर 'हायबरनेट' लावून आठवडाभर बघा. त्रास थांबला तर दोष झोपेतून उठण्याचाच.

कार्ड बदलायची वेळ आली तर एक सापळा लक्षात ठेवा. इंटेलचं एएक्स२१० हे कार्ड वायफायसाठीच्या बहुतेक एम.२ २२३० खाचांत चालतं, प्रोसेसर एएमडीचा असला तरी. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तसेच, पण ते सीएनव्हीआय प्रकारचे आहेत. अर्धं काम इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटच्या आत होतं. ठरावीक इंटेल लॅपटॉप सोडले तर ते चालत नाहीत. स्वस्त पडतात म्हणून लोक घेतात आणि मग खाच बिघडली म्हणतात. काही पातळ लॅपटॉपांत कार्ड बोर्डावर झाळलेलं असतं, तिथे विषयच संपला.

मधली_सुट्टी

प्रोसेसर एएमडीचा आहे. लॅपटॉप न उघडता यूएसबी डोंगल घेतला तर? खोक्यावर ५.४ लिहिलेले स्वस्तात मिळतात.

ठिणगी

चालेल, पण विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ रेडिओ वापरतं. आतला डिव्हाइस मॅनेजरमधून 'डिसेबल' करा ('अनइन्स्टॉल' नको, तो परत येतो), मगच डोंगल लावा. जोड्या रेडिओच्या नावावर असतात, म्हणून सगळ्या वस्तू पुन्हा पेअर कराव्या लागतील.

खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. गाण्यांचा एटूडीपी अजूनही क्लासिक ब्लूटूथवरच चालतो, ५.० असो की ५.४, त्यात फरक नाही. रिअलटेकच्या ८७६१बी चिपवरचा, नावाजलेल्या कंपनीचा, तिच्या साइटवर ड्रायव्हर असलेला डोंगल घ्या. टीपी-लिंकचा यूबी५०० याच जातीचा. ०ए१२ दाखवणाऱ्या अगदी स्वस्त डोंगलांत सीएसआरच्या नकली चिपा भरपूर आहेत. माऊस जोडतात, हेडसेट जोडला की कोलमडतात. सोबतच्या सीडीतलं सीएसआर हार्मनी वगैरे टाकू नका, ते विंडोजची स्वतःची ब्लूटूथ व्यवस्था बाजूला सारून आपली घुसवतं. विंडोज ७ मध्ये एटूडीपी मुळातच नव्हतं, तेव्हा असल्या सॉफ्टवेअरला अर्थ होता.

डोंगल यूएसबी २ पोर्टला, नाहीतर छोट्या एक्स्टेंशनने हार्ड डिस्कपासून दूर. तुमची डिस्क डावीकडे आहे, म्हणजे हा उजवीकडे.

फक्त हेडसेटसाठीच हवा असेल तर दुसऱ्या प्रकारचा डोंगलही मिळतो, जो विंडोजला यूएसबी साउंड कार्ड म्हणून दिसतो. पेअरिंग त्याच्यावरच्या बटणाने, ड्रायव्हर लागत नाही, आतल्या ब्लूटूथशी भांडण नाही. माऊस-कीबोर्ड मात्र त्याला जोडता येत नाहीत.

रात्रपाळी

लिनक्सही सोबत असेल तर एक भर. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असले की एकीकडे पेअर केलेला माऊस दुसरीकडे तुटतो. दोन्हींचा रेडिओ तोच, पत्ता तोच, पण प्रत्येक पेअरिंगला नवी गुप्त किल्ली बनते आणि माऊस शेवटचीच लक्षात ठेवतो. किल्ली विंडोजच्या रजिस्ट्रीतून काढून लिनक्सच्या ब्लूटूथ फोल्डरातल्या फाइलीत घालता येते. हेडसेटला एकच किल्ली असते, ते सोपं. लो एनर्जी माऊसला तीन-चार वेगवेगळे आकडे जुळवावे लागतात, शिवाय काही माऊस दर पेअरिंगला आपला पत्ताही बदलतात, म्हणजे फोल्डरचं नावही बदलावं लागतं. त्यापेक्षा तीन खणांचा माऊस असेल तर पहिला खण विंडोजला, दुसरा लिनक्सला. हेडसेटला असे खण नसतात, त्याच्या किल्लीची खटपट एकदा करावीच लागते.